कॉलर माइक लावून घरी व्हिडिओ करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र थोडं अंधारं असलं तरी लोक व्हिडिओ बघतात. बोलणं कळेना झालं की मात्र बोट लगेच पुढच्या व्हिडिओवर जातं. घरी बसून शिकवणाऱ्यांसाठी, मुलाखती घेणाऱ्यांसाठी, घरातल्या मोठ्यांच्या आठवणी जपून ठेवू बघणाऱ्यांसाठी कपड्याला चिमट्याने लावायचा स्वस्त वायरलेस माइक ही फार कामाची वस्तू आहे. मी असेच माइक वापरून घरातल्या साध्या खोलीत रेकॉर्डिंग करते. ओळखीतले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

फोनला माइक असतोच की. मग वेगळा कशाला?

फोनचा माइक वाईट नसतो, लांब असतो. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट तोंडातून येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. फोन स्टँडवर २ मीटर लांब आहे आणि कॉलर माइक तोंडापासून २० सेंटीमीटरवर आहे असं धरा. माइक दहापट जवळ आला, म्हणजे २० डेसिबलचा फरक पडला. भिंतींवरून परत येणारा आवाज आणि पंख्याची घरघर खोलीभर जवळपास सारखीच पसरलेली असते. त्यामुळे माइक जवळ आणला की बोलणं वर येतं आणि खोली मागे पडते. लांब ठेवलेल्या महागड्या माइकलाही हे जमत नाही. म्हणून किमतीआधी अंतराचा विचार करा, असं मी प्रत्येकाला सांगते.

एवढ्या स्वस्तात बरा आवाज येतो तरी कसा?

आवाज टिपणारा आतला भाग, म्हणजे कॅप्सूल, मुळातच स्वस्त असतो. १९६२ साली बेल लॅब्जमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी पातळ पटलाचा इलेक्ट्रेट माइक तयार केला. या पटलात विद्युतभार कायमचा साठवलेला असतो, त्यामुळे जुन्या कंडेन्सर माइकला लागायचं तसं मोठं व्होल्टेज बाहेरून द्यावं लागत नाही. माइक लहान झाला, स्वस्त झाला आणि फोनपासून कॉलरपर्यंत सगळीकडे पोचला.

पैसे वाचवलेले असतात ते इतर ठिकाणी. कोणी बोलत नसताना ऐकू येणारी बारीक सूं, रेडिओची पकड, आवाज आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा आणि चिमट्याची स्प्रिंग यांत स्वस्त-महाग कळतं. खोलीत, दोन-तीन मीटरच्या आत, एकट्याने बोलायचं असेल तर यातलं फारसं काही आड येत नाही.

घेताना काय बघायचं?

आधी आपल्या फोनचं चार्जिंगचं भोक बघा. अँड्रॉइड फोनला बहुतेक टाइप-सी असतं. आयफोनला १४ व्या मालिकेपर्यंत लाइटनिंग हे अ‍ॅपलचं वेगळं भोक होतं आणि २०२३ मध्ये आलेल्या १५ व्या मालिकेपासून टाइप-सी आहे. माइकचा आवाज पकडून फोनला देणारा छोटा तुकडा, म्हणजे रिसीव्हर, याच भोकात बसतो. तो चुकीचा आणला तर सगळंच अडतं.

दुसरं म्हणजे आवाज स्वच्छ करण्याची सोय, जिला नॉइज रिडक्शन म्हणतात, ती बंद करता येते का हे विचारा. ज्यात ती कायम चालूच असते तो माइक मी घेणार नाही. कारण पुढे सांगितलं आहे. स्पंजची टोपी सोबत हवी. रिसीव्हरलाच चार्जिंगचं भोक असेल तर लांब रेकॉर्डिंगला बरं पडतं, कारण एरवी फोनचं एकुलतं एक भोक रिसीव्हरच अडवून बसतो. खोक्यावर लिहिलेल्या पल्ल्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. तो मोकळ्या मैदानात, मध्ये काही आड नसतानाचा असतो.

घरात ब्लूटूथचा इअरफोन आहे, त्यावर भागणार नाही का?

नाही. साध्या ब्लूटूथवर इअरफोनचा माइक चालू झाला की जोडणी सहसा फोन कॉलच्या दर्जावर येते. तिथे आवाज सेकंदाला ८,००० किंवा फार तर १६,००० वेळा मोजला जातो. व्हिडिओसाठी हा आकडा ४८,००० असतो. इअरफोनवरचं बोलणं दाबलेलं, डब्यातून आल्यासारखं का वाटतं ते यावरून कळेल. वेगळा रिसीव्हर असलेले कॉलर माइक स्वतःच्या रेडिओ जोडणीवर चालतात आणि त्यांना ही अडचण येत नाही.

माइक नेमका कुठे लावायचा?

छातीच्या मधल्या हाडावर, हनुवटीपासून साधारण एक वीत खाली. शर्ट असेल तर वरून दुसऱ्या-तिसऱ्या बटणापाशी, बटणांच्या पट्टीवर. कॉलरच्या टोकाला लावू नका. माणूस त्या बाजूला वळला की आवाज मोठा होतो, दुसरीकडे वळला की बारीक होतो, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवतं. तुम्ही व्हिडिओभर एका बाजूच्या फळ्याकडे बघून बोलणार असाल तर माइकही त्याच बाजूला थोडा सरकवा.

गळ्याला अगदी चिकटवून लावणंही चुकीचं. हनुवटीच्या सावलीत आवाज बोदा येतो, व्यंजनांची धार जाते. कपड्याच्या आत लपवला तरी तेच होतं, कारण कापड आधी वरच्या पट्टीचे आवाज खातं आणि स, श, त यांची स्पष्टता तिथेच असते. घरच्या व्हिडिओत माइक दिसला तर काही बिघडत नाही, त्यामुळे तो बाहेरच लावा.

माइकचं तोंड वरच असलं पाहिजे असंही नाही. असे बहुतेक माइक चारही बाजूंचा आवाज सारखाच घेतात. कोणी फार श्वास टाकत बोलत असेल तर मी माइक उलटा, तोंड खाली करून लावते. नाकातोंडातून येणारा वारा मग थेट जाळीवर पडत नाही.

कपडा घासल्याचा, काहीतरी टकटक वाजल्याचा आवाज येतो. कशामुळे?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आत्याच्या लहानपणच्या आठवणी रेकॉर्ड करायला बसले होते. चाळीस मिनिटं ती सुंदर बोलली. नंतर हेडफोन लावून ऐकलं तर दर वाक्याला एक बारीक ‘टिक’. गळ्यातल्या साखळीचं पदक माइकच्या जाळीवर आपटत होतं. आत्याला बोलताना मान डोलवायची सवय आहे, आणि ज्या गोष्टी सांगताना ती रंगली होती तिथेच मान जास्त डोलली होती. तो ‘टिक’ शब्दांच्या बरोबर मध्ये बसला होता, त्यामुळे शब्दाला धक्का न लावता तो काढता येईना. बरंच रेकॉर्डिंग तसंच राहिलं आहे.

तेव्हापासून माइक लावून झाला की मी समोरच्याला मान डावी-उजवी करायला, पुढे वाकायला आणि हात हलवायला सांगते, आणि त्या वेळचं रेकॉर्डिंग ऐकते. साखळी, माळ, ओढणी, लांब केस, ओळखपत्राची दोरी यांपैकी जे माइकपाशी येईल ते आधी बाजूला घ्यायचं. सुती कपडा शांत असतो, सळसळणारं कृत्रिम कापड त्रास देतं. माइक जड असेल आणि पातळ कापड ओढलं जात असेल तर कापडाची दुहेरी घडी करून तिच्यावर चिमटा लावा. तशाने माइक डुलत नाही.

माइक जोडला, दिवा लागला, तरी आवाज फोनच्याच माइकचा येतो. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. दिवा लागला याचा अर्थ माइक आणि रिसीव्हर एकमेकांशी बोलताहेत एवढाच. फोन रिसीव्हरचं ऐकतोय की नाही, हे त्या दिव्याला कळत नाही.

खात्री करायची रीत सोपी आहे. रेकॉर्डिंग सुरू करा, कॉलर माइकच्या जाळीवर नखाने हळूच खरवडा, मग फोनच्या खालच्या कडेवर तसंच खरवडा. थांबवून ऐका. ज्या खरवडण्याचा आवाज मोठा आणि जवळून आला तो माइक चालू आहे. यात अर्धं मिनिटही जात नाही.

फोनचा माइक चालू निघाला तर आधी कव्हर काढून बघा. जाड कव्हरमुळे रिसीव्हरची पिन पूर्ण आत जात नाही. मग सेटिंगमध्ये ओटीजी, म्हणजे फोनच्या भोकाला बाहेरचं उपकरण जोडू देणारी सोय, शोधा. काही अँड्रॉइड फोनमध्ये ते हाताने चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर झाला नाही की आपोआप बंद होतं, त्यामुळे काल चाललेला माइक आज चालत नाही. त्यानंतर क्रम पाळा: कॅमेरा पूर्ण बंद करायचा, रिसीव्हर लावायचा, मग कॅमेरा उघडायचा.

एवढं करूनही जमलं नाही तर दोष कॅमेरा अ‍ॅपचा असू शकतो. काही फोनमधलं मूळ कॅमेरा अ‍ॅप बाहेरचा माइक घेतच नाही. अशा वेळी ओपन कॅमेरासारखं मोफत अ‍ॅप टाका. त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये आवाज कुठून घ्यायचा हे ठरवता येतं, तिथे बाहेरचा माइक निवडा.

आवाजाची पातळी किती ठेवायची?

अ‍ॅपमध्ये आवाजाचा काटा दिसत असेल तर नेहमीचं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या आणि जोरात बोललेलं उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. शून्याला आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, थोडा बारीक आलेला सहज वाढवता येतो. त्यामुळे चुकायचंच असेल तर कमी बाजूला चुका. चाचणी घेताना मात्र खऱ्या जोशात बोला. ‘हॅलो, एक, दोन, तीन’ सगळे हळू म्हणतात आणि व्हिडिओ सुरू झाला की आवाज चढतो.

काटाच नसेल तर दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकणं हाच उपाय. फोनच्या स्पीकरवर ऐकून काही कळत नाही.

नॉइज रिडक्शनचं बटण दाबून ठेवावं का?

शांत खोलीत नको. स्वस्त माइकमधली ही यंत्रणा कुठला आवाज बोलण्याचा आणि कुठला गोंगाटाचा हे घाईने ठरवते. शब्दाच्या शेवटी हळू उतरणारा स्वर, ‘ह’चा श्वास, वाक्यामधला हलका उसासा हे सगळं ती गोंगाट समजून कापते. बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. मराठीत ख, घ, थ, ध असे महाप्राण पदोपदी येतात आणि श्वासाचा तो भागच कापला गेला तर ‘भात’ आणि ‘बात’ यांतला फरक पुसट होतो. रस्त्याच्या कडेला, इलाज नाही म्हणून, हे बटण जरूर वापरा. घरात बंद ठेवा आणि सफाई नंतर संगणकावर, ऐकत ऐकत करा. तिथे बिघडलं तर मूळ फाइल हाताशी असते, माइकनेच कापलेलं मात्र कुठूनच परत येत नाही.

खोलीत आवाज घुमतो. माइक जवळ असूनही!

मोकळ्या भिंती, फरशी, काच आणि वरचं छत आवाज परत फेकतात. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे शेपटी ऐकू आली तर ती तुमच्या बोलण्यालाही लागणार.

उपाय घरातच असतात. गाद्या, रजया, जाड पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांनी खचाखच भरलेली शेल्फं. आवाज तोंडातून पुढे जातो, तेव्हा पहिली रजई कॅमेऱ्याच्या मागे, तुमच्या समोर टांगा. दुसरी पायाखाली अंथरा. मग पाठीमागचा विचार करा. लोक उलट करतात: पाठीमागे पडदा लावतात कारण तो दिसतो, आणि समोरची भिंत उघडीच राहते. फोमचे पातळ चौकोन भिंतीवर चिकटवून फक्त वरच्या पट्टीचा आवाज थोडा शोषला जातो, बोलण्याची घुमघुम तशीच राहते. जाड गादी त्यापेक्षा खूप जास्त काम करते.

जागा बदलूनही बघा. माझं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग घरातल्या सगळ्यात छोट्या, सामानाने भरलेल्या खोलीत होतं.

पंखा आणि फ्रीजचं काय करायचं?

पंखा बंद. त्याचा आवाज तर येतोच, शिवाय वारा जाळीवर आदळतो. फार उकडत असेल तर छोटे छोटे भाग करून रेकॉर्ड करा आणि मध्ये पंखा लावा. फ्रीजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो, मध्येच थांबतो, त्यामुळे व्हिडिओचे तुकडे जोडले की जोड उघडा पडतो. फ्रीज बंद केलात तर घराची किल्ली त्यात ठेवा. बाहेर जाताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रीज चालू करायची आठवण होईल.

आवाज मध्येच तुटतो किंवा कर्रर् असा होतो.

यातले बहुतेक माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. घरातला वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात असतात. मायक्रोवेव्ह चालू असताना रेकॉर्डिंग करू नका, राउटरपासून लांब बसा, आणि फोनला ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका.

मोठा अडथळा मात्र माणूस स्वतः असतो. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी चांगल्याच शोषतं. छातीला माइक लावून तुम्ही फळ्याकडे वळलात की माइक आणि फोनच्या मध्ये तुमचं अख्खं शरीर येतं, आणि नेमका तेव्हा आवाज तुटतो. पाठ करून काही दाखवायचं असेल तर दाखवताना गप्प राहा आणि वळून बोला, किंवा फोन बाजूला आणा. माइकवर हात ठेवून बोलणंही टाळा.

फोन फ्लाइट मोडवर टाकला तर माइक बंद पडेल का?

नाही. रिसीव्हरचा रेडिओ त्याच्या स्वतःच्या पोटात असतो, फोनकडून तो फक्त वीज घेतो. उलट रेकॉर्डिंगच्या वेळी फ्लाइट मोड लावाच. मध्येच आलेल्या कॉलमुळे रेकॉर्डिंग थांबतं.

दोघांची मुलाखत एका जोडीवर होते का?

दोन माइक आणि एक रिसीव्हर असा संच असेल तर होते. पण बऱ्याच स्वस्त संचांत दोघांचे आवाज एकाच पट्टीत मिसळून येतात. एक जण खोकला तर दुसऱ्याच्या वाक्यातून तो खोकला काढता येत नाही. स्टीरिओची सोय असेल तर चालू करा. मग एक आवाज डाव्या बाजूला, दुसरा उजव्या बाजूला वेगळा मिळतो. संपादन करताना दोन्ही मधोमध आणायला विसरू नका, नाहीतर ऐकणाऱ्याच्या एका कानात प्रश्न आणि दुसऱ्यात उत्तर येईल.

बसताना अंतर ठेवा. दोन माइकमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या किमान तिप्पट असावं, असा एक जुना आडाखा आहे. माइक २० सेंटीमीटरवर असेल तर ६० सेंटीमीटर. याहून जवळ बसलात तर एकाचं बोलणं दोन्ही माइकमध्ये किंचित मागेपुढे पोचतं आणि आवाज पोकळ होतो.

ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

वायरलेस जोडणीत थोडा उशीर होतोच, पण वेगळा रिसीव्हर असलेल्या माइकमध्ये तो सहसा डोळ्याला कळत नाही. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या उपकरणांवर घेत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. संपादन करताना तळवे भिडले ती चित्राची चौकट (फ्रेम) आणि आवाजातला तो टोकदार ठोका एकमेकांवर बसवले की काम झालं.

प, फ, ब, भ म्हणताना ‘भप्’ असा धक्का बसतो.

तोंडातून निघालेला हवेचा झोत थेट जाळीवर येतो आहे. स्पंजची टोपी घाला, माइक दोन बोटं बाजूला सरकवा. तपासायला एखादं असं वाक्य ठेवा: ‘भराभर फाटक बंद करून पोपट फांदीवर परतला.’ घराबाहेर, वाऱ्यात, स्पंज पुरत नाही. तिथे केसाळ टोपीच हवी.

कॅमेऱ्याला किंवा लॅपटॉपला हाच माइक चालेल?

लॅपटॉपला टाइप-सी रिसीव्हर सहसा चालतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन इनपुट म्हणून तो निवडावा लागतो. कॅमेऱ्याला मात्र ३.५ मिलिमीटरची पिन लागते, आणि तिथे पिनवरचे पट्टे मोजा. कॅमेऱ्याच्या पिनवर दोन काळे पट्टे असतात, फोनच्या हेडफोन-माइक पिनवर तीन. तीन पट्ट्यांची वायर कॅमेऱ्याला लावली तर आवाज येत नाही किंवा विचित्र येतो.

रेकॉर्डिंगनंतर आवाजावर किती काम करावं?

थोडं. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, तिथे बोलण्याचं जवळपास काही नसतं आणि गडगड बरीच असते. मग सफाई. त्यासाठी रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आधी दहा सेकंद कोणीही काही बोलायचं नाही, हलायचं नाही. रिकाम्या खोलीचा तो तुकडा नमुना म्हणून दिला की प्रोग्रामला काय काढायचं ते समजतं. सफाई कमीत कमी ठेवा. बारीक सूं कानाला सवयीची होते, पण धातूच्या नळीतून आल्यासारखा माणसाचा आवाज शेवटपर्यंत खटकत राहतो.

बॅटरी आणि जपणूक?

आतली लिथियम बॅटरी लहान असते आणि बदलता येत नाही, म्हणून तिला उन्हात तापलेल्या गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका. महिनोन्‌महिने वापर नसेल तर अर्धी भरून ठेवा. पूर्ण रिकामी करून ठेवलेली बॅटरी कधीकधी पुन्हा उठत नाही. स्पंजची टोपी घामट झाली तर काढून कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवू नका. ती इतकी हलकी असते की हरवतेच, तेव्हा दोन-तीन जास्तीच्या घेऊन माइकच्या डबीत टाकून ठेवा.